गाणं मुलीचं, गळा बाईचा, लेखणी कुणाची?

रानजाई
परवा रात्री लेक शेजारी बसून गणितं सोडवत होती आणि मी सिंडी लॉपरचं 'गर्ल्स जस्ट वाँट टू हॅव फन' लावलं होतं. मान वर न करता तिने विचारलं, "हे हिनेच लिहिलंय का गं?" मी छातीठोकपणे हो म्हटलं. दोन मिनिटांत तिने फोन माझ्यापुढे धरला. गीतकार: रॉबर्ट हझार्ड.

त्याने १९७९ मध्ये स्वतःच्या आवाजात केलेला कच्चा ट्रॅक ऐकायला मिळतो. आम्ही दोघींनी तो ऐकला. त्यात बोलणारा एक तरुण आहे, आणि मुलींना काय हवं असतं ते तो सांगतोय. १९८३ मध्ये लॉपरने गाताना शब्दांत फेरफार केले आणि बोलणारी मुलगीच झाली. व्हिडिओत आई म्हणून तिने स्वतःच्या खऱ्या आईला उभं केलं. बापाच्या भूमिकेत लू अल्बानो हा कुस्तीच्या आखाड्यातला गडी. त्या धिप्पाड माणसाचा हात पिरगाळून ही किडकिडीत मुलगी त्याला भिंतीला लावते, तिथे आम्ही दोघी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवतो.

श्रेयनामावलीत मात्र आजही एकट्या हझार्डचं नाव आहे. नियमाने ते बरोबरही असेल, पण मला चैन पडेना. मुलींविषयीची इतकी गाणी आपण ऐकतो, ती लिहिली कुणी, गायली कुणी, आणि शेवटी झाली कुणाची? तुम्हाला काय वाटतं ते लिहा. उदाहरणं हवीत, नुसती मतं नकोत.

निशिगंध
काय सुंदर विषय काढलास! वाचनखूण साठवली. रात्री निवांत लिहिते.

जुनी_कॅसेट
मी पहिलं नाव घेतो लेस्ली गोरचं. 'यू डोन्ट ओन मी', १९६३. मुलगी १७ वर्षांची, निर्माता क्विन्सी जोन्स, आणि गाणं लिहिणारे दोघेही पुरुष: जॉन मदारा आणि डेव्हिड व्हाइट. त्याच वर्षी तिचं 'इट्स माय पार्टी' पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं होतं. त्यात ती आपल्याच पार्टीत रडते, कारण जॉनी दुसरीबरोबर गेलाय. काही महिन्यांत तीच मुलगी ठणकावून सांगते की मी तुझ्या मालकीची नाही.

कडव्यात आवाज दबका आहे, मग गाणं एकेक पट्टी वर चढतं आणि शेवटी ती जवळजवळ ललकारते. हे गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण वर बीटल्सचं 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' ठाण मांडून बसलं होतं. आपलं प्रेम स्त्रियांवर आहे हे तिने २००५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते कळल्यावर मी गाणं पुन्हा ऐकलं. शब्द तेच होते, पण मला दर ओळीला नवं काहीतरी ऐकू येत होतं.

मल्हार७
रानजाई, धागा उत्तम, पण थोडा असहमत. गाणं लिहिणाऱ्याचंच. कादंबरीकार पुरुष असला म्हणून नायिका खोटी ठरते का? ॲबा या स्वीडिश गटाचं 'डान्सिंग क्वीन' घ्या. बेनी अँडरसन, ब्योर्न उल्वेयस आणि स्टिग अँडरसन, तिघे पुरुष. नाचात हरवून गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचं इतकं निर्मळ चित्र दुसऱ्या कुठल्या गाण्यात आहे? तिच्याकडे रोखून बघणारी नजर त्यात नाही. ती मजेत आहे, एवढंच. हे लिहिणाऱ्याचं देणं आहे आणि ते त्याला द्यायलाच हवं.

निशिगंध
मल्हार, तिघांनी लिहिलं खरं, पण गळे दोन होते ना! आग्नेथा आणि फ्रीडा एकाच सुरात गातात, तो दोन आवाजांचा मिळून एक झालेला आवाज काढून टाका आणि मग सांगा काय उरतं. नुसत्या वाद्यांचा ट्रॅक पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा फ्रीडाला रडू आलं होतं, तिनेच सांगितलंय. १८ जून १९७६ ला, स्वीडनच्या राजाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, त्यांनी ते जुन्या दरबारी थाटाच्या पोशाखांत गायलं. गाण्यातल्या राणीचा आणि त्या होणाऱ्या राणीचा संबंध नव्हता, योग मात्र छान जुळला.

अमृता_स
मल्हार७, 'रिस्पेक्ट'चं काय करायचं मग? ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये लिहिलं आणि गायलं. दमून घरी आलेला नवरा मान मागतो. अरेथा फ्रँकलिनने १४ फेब्रुवारी १९६७ ला तेच न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि मान मागणारी बाई झाली. शब्दाची ती अक्षरं एकेक करून म्हणणं, ज्यामुळे गाणं जगाला पाठ आहे, ते रेडिंगच्या गाण्यात नाहीच. तो अरेथाचा आणि तिच्या बहिणींचा उद्योग. मागचा कोरस कॅरोलिन आणि अर्मा, तिच्या सख्ख्या बहिणी.

आता पैशाचं ऐका. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं, गायकाला नाही. म्हणजे ५० वर्षं ते गाणं तिच्या आवाजात वाजलं आणि रेडिओचा पैसा गेला रेडिंगकडच्यांना. त्याच्या प्रतिभेबद्दल मला नितांत आदर आहे. पण "गाणं लिहिणाऱ्याचंच" हे वाक्य कुणाच्या ताटात काय वाढतं, तेही बघावं लागतं.

मल्हार७
रेडिओचा नियम माहीत नव्हता. धन्यवाद. हे अन्यायाचं आहे, मान्य.

कोरसवाली
हा धागा वाचून दोन दिवस गप्प होते. आज लिहितेच.

मी बरीच वर्षं कोरस आणि डमी गायले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डमी म्हणजे मुख्य गायिका येण्याआधी गाणं कसं होईल ते कळावं म्हणून दुसरीकडून गाऊन घेतलेला ट्रॅक. तिने तो ऐकून गाणं बसवायचं आणि आपला आवाज पुसला जायचा. हा कामाचा भागच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

एकदा मात्र तसं झालं नाही. मुलीच्या तोंडचं हलकंफुलकं गाणं होतं. हेडफोनचा एक कान मोकळा ठेवून गायची सवय मला, म्हणजे स्वतःचा खरा आवाजही ऐकू येतो. मुखड्याच्या शेवटी श्वास कमी पडला आणि मी शेवटचं अक्षर हसल्यासारखं सोडून दिलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "राहू दे, छान वाटतंय." सहा महिन्यांनी एका दुकानात ते गाणं लागलं. अंतरे दुसरीचे होते. मुखडा माझा. तो अर्धवट श्वास, ते सुटलेलं अक्षर, सगळं माझं. नाव मात्र एकाच गायिकेचं. कंपनीत फोन केला तर सांगितलं, पैसे दिलेत ना तुम्हाला. दिले होते, तेही खरं.

डार्लीन लव्हबद्दल वाचलं तेव्हा मी ढसाढसा रडले. १९६२ चं 'हीज अ रेबेल' क्रिस्टल्सच्या नावावर पहिल्या क्रमांकावर गेलं. गायली होती डार्लीन, साथीला तिच्या ब्लॉसम्स या गटातल्या मुली. निर्माता फिल स्पेक्टर याला गाणं घाईने बाजारात आणायचं होतं, त्याने हाताशी असलेल्या गळ्यांकडून गाऊन घेतलं आणि नाव दुसरं छापलं. क्रिस्टल्सच्या मुलींचाही यात दोष नव्हता. आपण न गायलेलं आपलंच गाणं त्यांना मंचावर गाऊन दाखवावं लागलं. २०११ मध्ये डार्लीनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाचं पान मिळालं, तेव्हा ती सत्तरीला टेकली होती.

रानजाई, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही. फक्त एवढंच, की यादी करताना तिसरीही एक असते. लिहिणारी नाही, नावाची नाही, नुसती गाणारी.

रानजाई
कोरसवाली, काय लिहू कळत नाहीये. ते गाणं कुठलं हे विचारणार नाही. लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यांना सांग की हसल्यासारखं सोडलेलं अक्षर मला ऐकायचंय.

वाटसरू
दंडवत, कोरसवाली.

समुद्रफेस
चौथीही एक असते: जिच्यावर गाणं लिहिलं ती. 'गर्ल फ्रॉम इपानेमा'मध्ये सगळ्या एकत्र भेटतात, म्हणून जरा सविस्तर.

रिओच्या वेलोसो बारपुढून एक किशोरवयीन मुलगी समुद्राकडे जायची. बारमध्ये बसणाऱ्या संगीतकार जोबिम आणि कवी विनिसियस दि मोराइस या दोघांनी १९६२ मध्ये तिच्यावर गाणं केलं. मुलगी हेलो पिन्येरू. ती आपणच, हे तिला पुढे काही वर्षांनी कळलं. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गायक जुआव जिल्बेर्तो ते ध्वनिमुद्रित करत होते. इंग्रजी शब्द नॉर्मन गिंबलचे, आणि जुआवला इंग्रजी येत नव्हतं. त्याची बायको आस्ट्रूड हिला येत होतं. व्यावसायिक गायिका नव्हती ती. पण तिचा तो थंड, सरळ, एकही अलंकार न चढवलेला आवाज! पुढे छोट्या तबकडीसाठी गाणं कापलं तेव्हा जुआवचं पोर्तुगीज कडवं गेलं आणि राहिली फक्त ती. १९६५ चं रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी गेट्झला आणि तिला मिळालं. त्या दिवसाची तिची कमाई मात्र साध्या साथीदाराला मिळते तेवढी बिदागी.

आणि हेलो? तिने गाण्याच्या नावाचं कपड्यांचं दुकान काढलं, तर २००१ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या वारसांनी तिला कोर्टात खेचलं. निकाल तिच्या बाजूने लागला. जिच्यामुळे गाणं झालं, तिलाच त्याचं नाव वापरायला न्यायालयात जावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

ऐकताना एक गोष्ट बघा. मूळ शब्द तिच्याकडे बघणाऱ्या पुरुषाचे आहेत. आस्ट्रूड ते 'तो तिच्याकडे बघतो' असं करून गाते. म्हणजे एक बाई लांब उभी राहून त्या बघणाऱ्याकडे बघतेय. गाण्यातला सगळा गारवा तिथून येतो, असं माझं ठाम मत.

अमृता_स
शेवटचा परिच्छेद वाचून लगेच गाणं लावलं. खरंच की! आयुष्यभर ऐकतेय आणि हे लक्षात आलं नव्हतं.

टिपरी
आपण सगळे जुन्यातच रमलोय. स्पाइस गर्ल्सना कुणी हात लावणार आहे का? मला त्या आवडतात, पण 'गर्ल पॉवर' ही विकायला काढलेली घोषणा होती असं वाटतं. पुरुष व्यवस्थापकांनी १९९४ मध्ये जाहिरात देऊन पाच मुली गोळा केल्या, झाला गट. ती घोषणासुद्धा त्यांची नव्हे. बिकिनी किल या बंडखोर गटाच्या मुलींनी १९९१ मध्येच आपल्या हाताने काढलेल्या छोट्या मासिकावर ती छापली होती.

निशिगंध
टिपरी, जाहिरात खरी, पुढचं अर्धंच सांगितलंस. करार पुढे येत होता तेव्हा १९९५ मध्ये त्या पाचजणी त्याच व्यवस्थापकांना सोडून निघून गेल्या. गाडी, थोडी गाणी आणि भरपूर जिद्द एवढ्यावर. 'वॉनाबी' १९९६ मध्ये आलं, त्याच्या श्रेयात पाचही जणींची नावं आहेत, सोबत रिचर्ड स्टॅनर्ड आणि मॅट रो. मैत्रिणी आधी, प्रियकर नंतर, हे इतक्या दणक्यात आधी कुणी सांगितलं होतं? माझ्या वर्गातल्या आम्ही पाचजणींनी आपापली नावं वाटून घेतली होती. बसक्या आवाजाची म्हणून मला कुणी गाऊ देत नसे, त्या खेळात मात्र मी मेल बी होते आणि सगळ्यात जोरात ओरडणं हेच माझं काम होतं. ती घोषणा विकाऊ असेल, आम्ही ती फुकट घेतली.

टिपरी
हे आवडलं. माघार घेतो, निम्मी तरी.

वाटसरू
अवांतर: 'गर्ल' या शब्दाचंच बघा. आपल्याकडे पोरगी, मुलगी, तरुणी, बाई असे टप्पे आहेत. इंग्रजी पॉपमध्ये पस्तिशीची बाईही गर्लच. ग्वेन स्टेफानीने त्याचाच समाचार घेतला. तिच्या नो डाउट या गटाचं १९९५ चं 'जस्ट अ गर्ल'. रात्री उशिरा एकटी गाडी चालवत आली म्हणून वडील रागावले, त्यातून ते उगवलं. सोबत गिटारवाला टॉम ड्युमाँट लिहायला होता. 'मी काय बुवा, साधी मुलगी' असं लाडिक आवाजात सुरू करते आणि पुढे त्याच शब्दांनी चावते.

शनाया ट्वेनचा 'मॅन! आय फील लाइक अ वुमन!'चा व्हिडिओ जोडीला बघा. गायक रॉबर्ट पामरच्या व्हिडिओत एकसारख्या दिसणाऱ्या मख्ख मुली वाद्यं धरून मागे उभ्या होत्या. शनायाने तसेच मख्ख, देखणे पुरुष मागे उभे केले. न बोलता हिशोब चुकता.

जुनी_कॅसेट
अवांतरात भर: 'बार्बी गर्ल'. ॲक्वाचं १९९७ चं गाणं, आवाज लेने नीस्ट्रॉमचा. बाहुलीवाल्या मॅटेल कंपनीने रेकॉर्ड कंपनीवर खटला भरला. प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि २००२ च्या निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी दोन्ही पक्षांना शांत व्हायचा सल्ला दिला, तोही अगदी बोलीभाषेत. पुढे २०२३ च्या बार्बी चित्रपटात तेच गाणं निकी मिनाज आणि आइस स्पाइस यांनी नव्याने वापरलं, श्रेयात ॲक्वाचं नाव घालून. निकालपत्र वाचून इतका आनंद मला क्वचितच झालाय.

मल्हार७
नाझिया हसन राहिली. १९८० च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई'. शब्द इंदीवर, संगीत बिद्दू, पडद्यावर झीनत अमान आणि आवाज १५ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. त्यासाठी फिल्मफेअरही मिळालं. तेव्हाच्या घोटीव पार्श्वगायनापुढे तो थोडा नाकातला, कोवळा आवाज म्हणजे बंद खोलीची खिडकी कुणी उघडावी तसा होता. लगेच १९८१ मध्ये भाऊ झोहेबबरोबर 'डिस्को दीवाने'. आणि ती ३५ व्या वर्षी गेली.

(होय, गळ्याची बाजू मीच मांडतोय. धाग्याचा परिणाम.)

रेवा_
फाल्गुनी पाठक! 'याद पिया की आने लगी' १९९८ मध्ये आलं. व्हिडिओत प्रेमात पडलेली शाळा-कॉलेजातली मुलगी आणि तिची गोष्ट सांगणारी, शर्ट-पँटमधली, आखूड केसांची फाल्गुनी. ती कुणासारखी दिसायचा प्रयत्न करत नव्हती. मी तशीच होते, केस बारीक कापलेली, ओढणी सांभाळता न येणारी. 'मुलीसारखी राहा' हे ऐकून ऐकून कंटाळलेली. आणि टीव्हीवर ही बाई मुलींची सगळ्यात गोड गाणी गात होती, पँटच्या खिशात हात घालून. तिच्याकडे बोट दाखवून मी आईला म्हटलं होतं, "ही बघ." आई काही बोलली नाही, पण त्यानंतर केसांवरून बोलली नाही.

समुद्रफेस
रेवा, ❤️

ढगफुटी
मी कोरियन पॉपवाली. हसू नका, विषयाला धरूनच आहे. गर्ल्स जनरेशनचं पहिलं गाणं 'इंटू द न्यू वर्ल्ड', २००७. गोड, उमेदीचं. वाट अवघड असली तरी थांबायचं नाही अशा अर्थाचं. अशा गटांना लोक कारखान्यातला माल म्हणतात. २०१६ च्या जुलैत सोलच्या इह्वा महिला विद्यापीठात विद्यार्थिनी विद्यापीठाच्या एका योजनेविरुद्ध धरणं धरून बसल्या होत्या. पोलीस आत आले. मुलींनी एकमेकींचे हात धरले आणि हे गाणं म्हटलं. चित्रफीत बघा, सूर कापतायत, कुणी रडतंय, पण शब्द चुकत नाही. लहानपणी नाच करत पाठ केलेलं होतं ना! काही दिवसांत विद्यापीठाने ती योजना मागे घेतली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मोठ्या आंदोलनात लोक रस्त्यावर उतरले तेव्हाही हातात मैफलीतले दिवे आणि तोंडी हेच.

मग हे गाणं कुणाचं? लिहिणाऱ्याचं, नऊ गायिकांचं, की त्या पोरींचं?

वाटसरू
रानजाईचा प्रश्न फिरून पुन्हा दारात आला. शाब्बास.

जुनी_कॅसेट
मग कॅरोल किंगशिवाय पुढे जाता येणार नाही. १९६०. वय १८, घरात तान्ही लेक, आणि ती 'विल यू लव्ह मी टुमॉरो'ची चाल बांधतेय. शब्द तिचा नवरा जेरी गॉफिन याचे. म्हणजे मुलीच्या मनातली शंका पुरुषाच्या शब्दांत, मुलीच्या चालीत, आणि शेवटी शिरेल्सच्या शर्ली ओवेन्सच्या गळ्यात. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं. १९७१ मध्ये 'टॅपेस्ट्री' या अल्बममध्ये किंगने ते स्वतः गायलं. लय पार संथ. तोवर लग्न मोडलेलं. शिरेल्सची मुलगी उत्तराची वाट बघतेय असं वाटतं. किंगच्या आवाजातली बाई उत्तर ऐकून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारतेय.

मल्हार७
मूळ मत दुरुस्त करून मांडतो. कागदावरचं गाणं लिहिणाऱ्याचं. पण ते 'कुणाच्या तोंडचं' हे गाणारी ठरवते, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात तेच राहतं. श्रेयात यासाठी वेगळी जागा असायला हवी. पैशातही.

अमृता_स
मल्हार७, हे मी छापून भिंतीला लावणार.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने धागा पहिल्यापासून वाचला आणि तिच्या वतीने एक उदाहरण लिहायला सांगितलंय.

टेलर स्विफ्टचं 'फिफ्टीन'. शब्द-चाल एकट्या तिची, २००८ च्या 'फियरलेस'मधलं. शाळेच्या नव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलीला सांगितलेली गोष्ट. तेव्हा टेलर १८ ची. तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी २०१९ मध्ये परस्पर विकली गेली, म्हणून तिने अल्बम पुन्हा गायले. 'फियरलेस' २०२१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी. २०२५ मध्ये जुनी ध्वनिमुद्रणंही विकत घेतली. म्हणजे इथे लिहिणारी, गाणारी, जिच्यावर लिहिलं ती आणि मालकीण, सगळी एकच.

काल आम्ही एकेक इयरफोन वाटून घेतला आणि दोन्ही पाठोपाठ ऐकली. वाद्यं तीच, शब्द तेच. लेक म्हणाली, पहिलीत मैत्रीण सांगतेय, ती आत्ताच रडून आलीये. दुसरीत ताई सांगतेय, तिला आता त्या मुलाचं काही वाटत नाही, माझं वाटतंय.

पुढच्या महिन्यात ती १५ ची होईल. त्या दिवशी कुठलं लावायचं, विचारलं. म्हणाली, दोन्ही. आधी मैत्रिणीचं.

कोरसवाली
रानजाई, लेकीला सांग, अक्षर 'ना' होतं. आज बऱ्याच दिवसांनी तो मुखडा फोनवर गाऊन ठेवलाय. शेवटी श्वास पुन्हा कमी पडला. तुला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय, तिच्या वाढदिवसाला ऐकव.